सापिएन्स : जाणणाऱ्या कृदन्ताची कुळकथा

माणसाच्या जातीला शास्त्राने दिलेल्या ‘होमो सेपियन्स’ या नावातील दुसरा शब्द मराठीत इंग्रजी उच्चाराच्या वाटेने आला असून त्याचा मूळ लॅटिन उच्चार ‘सापिएन्स’ असा आहे. कोशांत त्याचा अर्थ ‘शहाणा’ किंवा ‘बुद्धिमान’ असा दिलेला असतो आणि तो चुकीचा नाही. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द मुळात साधे विशेषण नसून कृदन्त आहे, म्हणजे धातूला प्रत्यय लागून सिद्ध झालेले रूप आहे, आणि ज्या ‘सापेरे’ या धातूपासून ते सिद्ध झाले त्याचा पहिला अर्थ जाणणे हा नसून चव असणे, चव कळणे हा आहे. क्रिया चालू असल्याचे सांगणारे हे रूप रोमन समाजात पदवी झाले, तत्त्वज्ञांच्या हाती आदर्श झाले आणि अठराव्या शतकात प्राणिशास्त्रातील जातिनाम झाले. तरीही त्याच्या प्रत्ययातून मूळची क्रिया पुसली गेली नाही.

कृदन्ताचा स्वभाव रोमन व्याकरणकारांनी नेमका ओळखला होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील पंडित व्हारो याने लॅटिन शब्दांचे चार वर्ग केले : विभक्ती घेणारे, काळ दाखवणारे, दोन्ही करणारे आणि दोन्ही न करणारे. पहिल्या वर्गात नामे आणि विशेषणे येतात, दुसऱ्यात क्रियापदे, चौथ्यात अव्यये. आणि तिसरा वर्ग, ज्यात विभक्ती आणि काळ एकाच शब्दात नांदतात, तो कृदन्तांचा. या वर्गाला लॅटिनमध्ये ‘पार्तिकिपिउम’ असे नाव होते. ‘वाटेकरी’ या अर्थाच्या शब्दापासून ते बनले असून त्याच अर्थाच्या ‘मेतोखे’ या ग्रीक संज्ञेवरून ते घेतलेले आहे, कारण हा शब्दवर्ग नाम आणि क्रियापद या दोघांच्याही मालमत्तेत वाटा घेतो. मराठी शालेय व्याकरणात अशा शब्दांना धातुसाधिते म्हणतात, आणि ‘वाहते पाणी’ किंवा ‘जळता दिवा’ यांतील ‘वाहते’ व ‘जळता’ ही त्यांची रोजच्या वापरातील उदाहरणे होत.

‘सापिएन्स’ची घडण पाहिली तर त्यात तीन भाग दिसतात. ‘सापि’ हे धातूचे अंग, त्यापुढे ‘एन्त’ हा वर्तमानकालीन कर्तरी कृदन्ताचा प्रत्यय, आणि शेवटी प्रथमेच्या एकवचनाचा ‘स्’. ‘सापिएन्त्स्’ असे होणारे रूप उच्चारात जड पडते, म्हणून स-कारापूर्वीचा त-कार गळून ‘सापिएन्स’ उरते. पण विभक्ती बदलली की तो लगेच परत येतो, आणि द्वितीयेत ‘सापिएन्तेम’, षष्ठीत ‘सापिएन्तिस’, चतुर्थीत ‘सापिएन्ती’ अशी रूपे होतात. ‘सापेन्स’ न होता ‘सापिएन्स’ होण्याचे कारण असे की, हा धातू तिसऱ्या गणाच्या त्या उपवर्गातला आहे ज्यात ‘मी’च्या रूपात आणि कृदन्तात अंगापुढे इ-कार येतो, घेणे या अर्थाच्या धातूचे ‘कापिएन्स’ आणि करणे या अर्थाच्या धातूचे ‘फाकिएन्स’ ही त्याचीच भावंडे होत.

हा ‘न्त’ संस्कृताच्या वाचकाला परका नाही. पाणिनीने ज्याला शतृ म्हटले तो प्रत्यय आणि लॅटिनचा हा प्रत्यय एकाच आदिम भारत-युरोपीय मुळातून आले आहेत, आणि भृ धातूचे ‘भरन्त्’ व त्याच धातूचे लॅटिन ‘फेरेन्त्’ ही रूपे शेजारी ठेवली की नाते उघड होते. प्रथमेच्या एकवचनात मात्र दोन भाषांनी वेगळा मार्ग धरला : लॅटिनने त-कार टाकून स-कार राखला, तर संस्कृताने दोन्ही टाकून ‘भरन्’ एवढेच ठेवले. मराठीतला ‘संत’ हा शब्दही याच घराण्यातला आहे, कारण तो ‘असणे’ या अर्थाच्या अस् धातूच्या शतृ-रूपापासून, ‘सन्त्’पासून आला, ‘श्रीमंत’ आणि ‘भगवंत’ यांचा शेवट कानाला तसाच वाटला तरी त्यांतले प्रत्यय ‘जवळ असणे’ या अर्थाचे आणि निराळ्या कुळाचे आहेत, हे येथे सांगून ठेवले पाहिजे.

या नात्याचा सर्वांत मोठा पुरावा मराठीच्या रोजच्या क्रियापदांत आहे. ‘जाण’ या अंगाचे प्राकृत शतृ-रूप ‘जाणन्त’ असे होते. त्यातून मराठीचे ‘जाणत’ आणि ‘जाणता’ आले, आणि त्याच कृदन्ताला पुरुषवाचक प्रत्यय चिकटून ‘जाणतो’, ‘जाणते’ ही वर्तमानकाळाची रूपे उभी राहिली. संस्कृताच्या ‘जानाति’मध्ये लिंगभेद नाही, पण मराठीत ‘तो जाणतो’ आणि ‘ती जाणते’ असा भेद करावा लागतो, त्याचे कारण एवढेच की मराठीचा वर्तमानकाळ मुळात विशेषणासारखा चालणाऱ्या कृदन्तावर बांधलेला आहे. ‘देव जाणे’ या वाक्प्रचारात जुना, लिंगभेद नसलेला वर्तमानकाळ अजून टिकून आहे. म्हणजे ‘तो जाणतो’ असे म्हणणारा प्रत्येक मराठी माणूस ‘सापिएन्त’मधल्या ‘न्त’चाच झिजून उरलेला त-कार उच्चारत असतो.

लिंगाच्या बाबतीत लॅटिन कृदन्त मराठीच्या नेमके उलट वागते. मराठीत जाणता, जाणती, जाणते अशी तीन रूपे लागतात. लॅटिनमध्ये प्रथमेच्या एकवचनात पुरुष, स्त्री आणि नपुंसक वस्तू या तिघांनाही ‘सापिएन्स’ हे एकच रूप पुरते. भेद दिसतो तो नपुंसकलिंगाच्या द्वितीयेत, जेथे ‘सापिएन्तेम’ न होता ‘सापिएन्स’च राहते, आणि अनेकवचनात, जेथे पुल्लिंग व स्त्रीलिंग ‘सापिएन्तेस’ होते आणि नपुंसकलिंग ‘सापिएन्तिआ’. हे शेवटचे रूप ‘शहाणपण’ या अर्थाच्या भाववाचक नामाशी अक्षरशः जुळते, आणि दोहोंतला फरक वाक्यावरूनच ओळखावा लागतो.

आता धातूच्या अर्थाकडे वळावे. ‘सापेरे’चा कर्ता जेव्हा खाण्याची वस्तू असे तेव्हा त्याचा अर्थ ‘चव असणे’ असा होई. कवी ज्युव्हेनल आपल्या अकराव्या उपहासिकेत अशा धनिकांची खरडपट्टी काढतो, ज्यांना मेज हस्तिदंताच्या पायांवर उभे नसेल तर मासा आणि हरणाचे मांस बेचव लागते. तेथे ‘चव लागत नाही’ यासाठी वापरलेले क्रियापद हेच आहे. याच क्रियापदाला कर्म जोडले की ‘अमुक गोष्टीची चव देणे’ असा अर्थ निघतो, आणि कवी पर्सिअसने त्याचा मोठा मार्मिक उपयोग केला आहे : बालपणीचे खेळ सोडून मोठेपणाचा आव आणणाऱ्या लोकांविषयी तो म्हणतो की, त्यांना चुलत्यांची चव येऊ लागते. रोमन कुटुंबात बापाचा भाऊ हा कडक शिस्तीचा म्हणून प्रसिद्ध होता. त्यामुळे ‘चुलत्याची चव येणे’ म्हणजे बोलण्यावागण्यात त्याचा करडेपणा उतरणे. याच कुळात चव या अर्थाचा ‘सापोर’, चवदार या अर्थाचा ‘सापिदुस’ आणि बेचव या अर्थाचा ‘इन्सिपिदुस’ हे शब्द येतात.

कर्ता वस्तूऐवजी माणूस झाला की अर्थाची दिशा फिरते. ज्याला चव आहे ती वस्तू आणि ज्याला चव कळते तो माणूस यांच्यासाठी एकच क्रियापद असल्यामुळे, जिभेच्या निवडीपासून मनाच्या निवडीपर्यंत जायला भाषेला फार लांब जावे लागले नाही. सिसेरोला या दुहेरी अर्थाची पूर्ण जाणीव होती. सुखवादाची चिकित्सा करताना तो असे प्रतिपादतो की, ज्याच्या हृदयाला ‘सापेरे’ साधले त्याच्या टाळूला ते साधू नये असा काही नियम नाही. म्हणजे विवेकी माणसाला जेवणाची चवही कळू शकते. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात, लॅटिन जगाचे ज्ञान कोशात साठवणाऱ्या सेव्हिलच्या इसिदोर या बिशपाने तर व्युत्पत्तीच सांगितली की ‘सापिएन्स’ हा शब्द ‘सापोर’पासून आला, कारण जीभ जशी अन्नाच्या चवी वेगळ्या करते तसा ज्ञानी माणूस गोष्टी आणि त्यांची कारणे वेगळी करतो. इसिदोरच्या अनेक व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राने रद्द केल्या आहेत. ही मात्र मुळाशी खरी ठरली.

भारतीय वाचकाला येथे रसविचार आठवणे साहजिक आहे. ज्याचा आस्वाद घेता येतो तो रस, असे नाट्यशास्त्र सांगते आणि नाट्य पाहणाऱ्या सुमनस प्रेक्षकाची तुलना चवीने जेवणाऱ्याशी करते. दोन्ही ठिकाणी जिभेचा अनुभव मनाच्या अनुभवाचा आधार झाला, पण निघालेली फळे वेगळी आहेत : संस्कृत परंपरेने चवीतून रसिकतेकडे, आनंदाच्या आस्वादाकडे वाट काढली, तर लॅटिनने चवीतून निवडीकडे, भले आणि बुरे वेगळे करण्याकडे. उसने घेण्याचा येथे काही संबंध नाही; दोन समाजांनी स्वतंत्रपणे काढलेल्या या वाटा आहेत आणि म्हणूनच त्या एकत्र पाहण्यासारख्या आहेत.

लॅटिनमध्ये जाणण्यासाठी आणखी दोन धातू होते आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय ‘सापिएन्स’चे स्थान कळत नाही. ‘नोस्केरे’ हा संस्कृत ज्ञा धातूचा सख्खा भाऊ. त्याचे जुने रूप ‘ग्नोस्केरे’ असे होते, आणि त्याचा अर्थ ओळख होणे, परिचय होणे असा. ‘ज्ञात’ आणि लॅटिन ‘नोतुस’, ‘अज्ञात’ आणि लॅटिन ‘इग्नोतुस’ या जोड्यांत केवळ धातूच नव्हे तर प्रत्यय आणि नकार दर्शवणारा उपसर्गही एकाच मुळाचा आहे. दुसरा धातू ‘स्किरे’, म्हणजे एखादी गोष्ट तथ्य म्हणून ठाऊक असणे. कापणे, वेगळे करणे या अर्थाच्या मुळाशी बहुतेक अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. त्याचे कृदन्त ‘स्किएन्स’, आणि त्यापासून ‘स्किएन्तिआ’ म्हणजे आजचे ‘सायन्स’. रोमन कायद्यात हे ‘स्किएन्स’ फार महत्त्वाचे होते, कारण गुन्हा नकळत घडला की जाणूनबुजून आणि कपटाने केला, हा फरक कायद्याची कलमे याच कृदन्ताने व्यक्त करीत. त्या जागी ‘सापिएन्स’ कधी चालले नसते : जाणूनबुजून गुन्हा करणारा ‘स्किएन्स’ असतो, ‘सापिएन्स’ नव्हे.

नेमक्या या कायदेशीर जागी इटलीच्या एका भगिनीभाषेने वेगळी निवड केली, आणि कुळकथेतला सर्वांत मोलाचा दुवा तेथेच सापडतो. दक्षिण इटलीतील बान्तिआ गावाचे नाव लाभलेली, दोन्ही बाजूंनी कोरलेली एक काशाची पाटी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्या एका बाजूला लॅटिन कायदा आहे आणि दुसऱ्या बाजूला ऑस्कन भाषेतला. लॅटिन कायदा जेथे ‘स्किएन्स’ लिहितो त्या अर्थी ऑस्कन मजकुरात ‘सिपुस’ हा शब्द येतो, आणि हा ‘सिपुस’ धातूने ‘सापिएन्स’चा नातलग आहे. प्रत्यय मात्र वेगळा आहे. तो वर्तमानकाळाचा ‘न्त’ नसून पूर्णकालीन कर्तरी कृदन्ताचा ‘वस्’ आहे, म्हणजे संस्कृत ‘विद्वस्’मध्ये आणि त्याच्या प्रथमेच्या ‘विद्वान्’ या रूपात दिसणारा.

हे ‘विद्वान्’ही मूळचे जाणण्याचे कृदन्तच आहे. विद् धातूचे ‘वेद’ हे रूप घडणीने पूर्णभूतकाळाचे असून अर्थाने वर्तमानकाळाचे आहे, कारण ‘ज्याने पाहिले त्याला ठाऊक आहे’ असा अर्थ त्यात साठलेला आहे. ग्रीकमध्येही याच मुळाचे ‘ओइदा’ आणि कृदन्त ‘एइदोस’ तसेच वागतात. पाणिनीच्या अष्टाध्यायीत इतिहासाची ही भाषा नाही, पण निरीक्षण तितकेच तीक्ष्ण आहे : सातव्या अध्यायाच्या पहिल्या पादातील छत्तिसाव्या सूत्रानुसार विद् धातूपुढे शतृच्या जागी ‘वसु’ येतो, आणि परंपरेने हा आदेश वैकल्पिक मानल्यामुळे ‘विदन्’ आणि ‘विद्वान्’ ही दोन्ही रूपे सिद्ध होतात. रूप पूर्णकाळाचे आणि अर्थ वर्तमानाचा, ही विसंगती पाणिनीने अशी एका सूत्रात बसवली. लॅटिनने कर्तरी पूर्णकालीन कृदन्त पूर्वीच गमावले होते. म्हणून तिला जाणत्या माणसासाठी चालू क्रियेचे ‘न्त’ रूपच वापरावे लागले, तर ऑस्कनने शेजारी राहून तो जुना प्रत्यय सांभाळला.

कृदन्त आणि विशेषण यांच्यातली सीमा लॅटिनमध्ये सहज ओलांडता येते, आणि ती ओलांडल्याच्या खुणा व्याकरणात उमटतात. सोसणे या अर्थाच्या धातूचे ‘पातिएन्स’ हे कृदन्त द्वितीया घेऊन आले तर ‘आत्ता थंडी सोसणारा’ असा प्रसंगाचा अर्थ होतो आणि षष्ठी घेऊन आले तर ‘थंडी सोसू शकणारा, काटक’ असा स्वभावाचा. पंचमी व तृतीयेचे काम करणाऱ्या लॅटिन विभक्तीतही असाच भेद होता : क्रियेवर भर असेल किंवा शब्द नाम म्हणून वापरला असेल तर शेवट ए-कारान्त, आणि विशेषण असेल तर ई-कारान्त. ‘सापिएन्स’ने ही सीमा फार लवकर ओलांडली. त्याला ‘सापिएन्तिओर’ म्हणजे अधिक शहाणा आणि ‘सापिएन्तिस्सिमुस’ म्हणजे सर्वांत शहाणा ही तरतमभावाची रूपे मिळाली, ‘सापिएन्तेर’ हे क्रियाविशेषण मिळाले, आणि शुद्ध क्रियावाचक शब्दाला अशी रूपे मिळत नाहीत. नाटककार प्लॉटसच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास, शहाण्याला एक शब्द पुरे या अर्थाची म्हण रंगभूमीवर ऐकू येत होती आणि तिच्यात हे रूप सरळ नाम म्हणून चतुर्थीत उभे आहे. मराठीने ‘शहाण्याला शब्दाचा मार’ म्हणताना तीच विभक्ती आणि तोच विचार वापरला आहे. आणि ‘शहाणा’ हा शब्दही ‘सज्ञान’पासून आल्यामुळे ज्ञा धातूच्याच वंशातला आहे.

रोममध्ये ‘सापिएन्स’ ही पदवी होती, आणि ती ग्रंथांपेक्षा व्यवहारासाठी दिली जाई. स्किपिओचा मित्र गाइउस लेलिउस, जो इसवी सनापूर्वी १४० मध्ये कॉन्सल होता, तो ‘सापिएन्स’ म्हणून ओळखला जाई. प्लुटार्कने त्याचे कारण असे दिले आहे की, सार्वजनिक जमिनींच्या वाटपात सुधारणा करण्याचा प्रयत्न त्याने केला, परंतु बलवान लोकांचा विरोध पाहून आणि दंगलीच्या भीतीने तो सोडून दिला. प्लुटार्क ग्रीकमध्ये लिहीत होता, आणि हा लॅटिन शब्द समजावताना त्याला दोन ग्रीक शब्द द्यावे लागले : ज्ञानी आणि व्यवहारचतुर, कारण लॅटिन शब्द दोन्ही अर्थ वाहतो असे त्याने स्पष्ट नोंदवले आहे. सिसेरोने मैत्रीवरील आपल्या संवादात याच लेलिउसला मुख्य वक्ता केले आणि तेथे केटोला व कायदेपंडित आकिलिउसलाही लोक ‘सापिएन्स’ म्हणत असल्याचे सांगितले, प्रत्येकाला वेगळ्या कारणाने. केटोला अनुभवासाठी, आकिलिउसला कायद्याच्या ज्ञानासाठी, आणि लेलिउसला स्वभाव व अभ्यास यांच्या मेळासाठी.

ग्रीक तत्त्वज्ञान रोममध्ये रुजू लागले तेव्हा ‘सोफोस’ या ग्रीक शब्दाचे ओझे या लॅटिन कृदन्तावर आले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील नाटककार आफ्रानिउसच्या एका वेच्यात शहाणपण स्वतःच बोलते आणि सांगते की, सराव हा तिचा बाप, स्मृती ही तिची आई, आणि ग्रीक लोक तिला सोफिआ म्हणतात तर रोमन लोक सापिएन्तिआ. ही वंशावळ अतिशय रोमन आहे, कारण तिच्यात चिंतनाआधी सरावाचे नाव येते. पुढे स्टोइक पंथाचा आदर्श ज्ञानी पुरुष, ज्याला दुःख, अपमान किंवा दैव हलवू शकत नाही, तोही लॅटिनमध्ये ‘सापिएन्स’च झाला, आणि सेनेकाने त्याच्या अढळपणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चव ओळखणाऱ्या, प्रसंगी माघार घेणाऱ्या लेलिउसपासून या निर्विकार पुरुषापर्यंत शब्द आला तेव्हा त्याने बरेच काही गमावले असे म्हणावे लागते, कारण क्रियेला जागा उरली नाही. स्टोइक ज्ञानी जाणत नाही, तो जाणून चुकलेला असतो.

ख्रिस्ती लॅटिनमध्ये या कृदन्ताचा नकार अधिक गाजला. ‘सापिएन्स’ला नकारार्थी ‘इन्’ लागला की मधला आ-कार इ-कारात बदलून ‘इन्सिपिएन्स’ होते, जसे ‘सापिदुस’चे ‘इन्सिपिदुस’. देव नाही असे मनाशी म्हणणारा स्तोत्रसंहितेतील मूर्ख हा लॅटिन बायबलात ‘इन्सिपिएन्स’ आहे. १०७७–७८ च्या सुमारास ख्रिस्ती धर्मपंडित आन्सेल्मने ईश्वराच्या अस्तित्वाची आपली प्रसिद्ध सिद्धता याच मूर्खाला उद्देशून रचली, आणि गाउनिलो नावाच्या भिक्षूने त्या मूर्खाची बाजू घेऊन तिला उत्तर दिले. एका नकारार्थी कृदन्ताच्या बाजूने वकिली करणारा ग्रंथ म्हणून ते उत्तर अपूर्व आहे. जाणण्याचा नकार धातूतच मुरवण्याची रीत लॅटिनमध्ये आणखी एका ठिकाणी आहे : ‘ने’ आणि ‘स्किरे’ मिळून ‘नेस्किरे’, म्हणजे न जाणणे. मराठीनेही ‘न’ आणि ‘जाणणे’ मिळवून ‘नेणणे’ हे क्रियापद केले, आणि ‘नेणता’ हे त्याचे कृदन्त संतांच्या वाणीत जागोजाग भेटते.

लॅटिन बोलीचे रूपांतर फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज या भाषांत झाले तेव्हा ‘सापेरे’ने ‘स्किरे’ला बाजूला सारले आणि तथ्य ठाऊक असण्याचे कामही स्वतःकडे घेतले. रुमानियन आणि सार्डिनियन या भाषांनी मात्र ‘स्किरे’चेच वंशज ठेवले. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधला ‘साबेर’ आजही दोन्ही कामे करतो : माणूस तो धडा जाणतो, आणि पदार्थाला लसणाची चव येते, ही दोन्ही वाक्ये त्याच क्रियापदाने होतात. गोव्यात १५१० ते १९६१ पर्यंत राज्यकारभाराची भाषा असलेल्या पोर्तुगीजमध्ये हा जुना दुहेरी अर्थ असा जिवंत होता. फ्रेंचमध्ये या धातूचे ‘साव्हॉआर’ झाले आणि त्याचे जुने वर्तमान कृदन्त ‘साव्हाँ’ विद्वान या अर्थाचे नाम होऊन बसले, म्हणजे ‘सापिएन्स’च्या बाबतीत रोममध्ये जे घडले तेच पुन्हा घडले, आणि क्रियेसाठी भाषेला ‘साशाँ’ हे दुसरे रूप योजावे लागले. मध्यंतरी फ्रेंच लेखनिकांनी हे क्रियापद ‘स्किरे’पासून आले असे समजून त्यात एक अनाहूत अक्षर घातले होते, आणि १६६५ मध्ये पॅरिसमध्ये निघालेल्या विद्वानांच्या नियतकालिकाच्या नावात ती चुकीची व्युत्पत्ती छापलेली आहे.

१७३५ मध्ये लायडन येथे कार्ल लिनिअसने ‘सिस्टेमा नातुरे’ ही मोठ्या आकाराची पण थोड्या पानांची कृती प्रसिद्ध केली, तेव्हा तिने माणसाला चतुष्पादांमध्ये, वानर आणि स्लॉथ यांच्या शेजारी बसवले. इतर प्राण्यांपुढे दात, बोटे, स्तन यांची लक्षणे होती. माणसापुढे मात्र ‘स्वतःला ओळख’ या अर्थाचे तीन लॅटिन शब्द होते आणि त्यांतला पहिला होता ‘नोस्के’, म्हणजे ज्ञा धातूच्या भावाचे आज्ञार्थी रूप. त्याने १७४७ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिनला लिहिलेल्या पत्रावरून याचे कारण कळते : निसर्गेतिहासाच्या तत्त्वांनुसार माणूस आणि वानर यांना वेगळ्या प्रजातींत घालण्यासारखे लक्षण त्याला सापडत नव्हते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने माणसाला ‘प्रिमातेस’ गणात माकडे, लेमूर आणि वटवाघुळे यांच्यासह ठेवले आणि ‘होमो सापिएन्स’ हे द्विपद नाव दिले. ‘स्वतःला ओळख’ ही आज्ञा तेथेही राहिली. त्यामुळे त्या पानावर जाणण्याचे दोन धातू एकत्र आहेत, एक आज्ञेच्या रूपात आणि एक कृदन्ताच्या. आणि या नावात माणसाने स्वतःचा गौरव करून घेतला असा जो आरोप होतो तो त्या पानापुढे अर्धाच टिकतो. आज्ञा ज्याला द्यावी लागते त्याचे जाणणे अजून पुरे झालेले नसते. मात्र याच आवृत्तीत लिनिअसने माणसांचे खंडवार चार प्रकार पाडून त्यांना रंग आणि स्वभाव चिकटवले, आणि त्या वर्णनांनी पुढे वंशभेदाच्या विचाराला खतपाणी घातले, हेही तितकेच खरे आहे. ज्याने निवडीचा अर्थ असलेले कृदन्त योजले त्याची स्वतःची निवड तेथे ढळली.

प्राणिशास्त्रीय नामकरणाची संहिता दहाव्या आवृत्तीपासून, १ जानेवारी १७५८ या मानलेल्या तारखेपासून सुरू होते, आणि कृदन्ताला तिने स्पष्ट स्थान दिले आहे : जातिनाम हे प्रथमेच्या एकवचनातील विशेषण किंवा कृदन्त असू शकते, आणि तसे असल्यास त्याचे लिंग प्रजातीच्या नावाप्रमाणे असले पाहिजे. या नियमाचा परिणाम दोन ओळखीच्या नावांत दिसतो. जावा बेटावरील ट्रिनिल येथे सापडलेल्या अवशेषांना संशोधक दुब्वाने १८९४ मध्ये दिलेल्या आणि पुढे ‘होमो’ प्रजातीत आणलेल्या नावातले ‘एरेक्तुस’, म्हणजे ताठ केलेला, हे भूतकालीन कर्मणि कृदन्त आहे आणि ‘होमो’ पुल्लिंगी असल्याने ते पुल्लिंगात राहिले. वनस्पतींची संहिता वेगळी असली तरी लिंगाचा नियम तसाच आहे. म्हणून दसऱ्याला दारावर लागणाऱ्या झेंडूच्या ‘तागेतेस एरेक्ता’ या नावात तेच कृदन्त स्त्रीलिंगी झाले आहे. ‘सापिएन्स’वर अशी वेळ येऊच शकत नाही. माणसाची प्रजाती उद्या स्त्रीलिंगी नावाची झाली तरी हे अक्षर न बदलता तसेच राहील. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर फुलणाऱ्या तेरड्याची प्रजाती ‘इम्पातिएन्स’ ही तर ‘सापिएन्स’ची घडणीने जुळी बहीण आहे : सोसणे या अर्थाच्या धातूचे कृदन्त, तोच ‘इएन्स’, आणि पुढे नकाराचा उपसर्ग. पिकलेले बोंड बोट लागताच फुटून बिया उधळते, म्हणून ते ‘न सोसणारे’.

प्रत्येक जातीला नावाचा आधार म्हणून एक नमुना लागतो. लिनिअसने माणसाचा नमुना नेमला नव्हता. १९५९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न याने लिहिले की, आपल्या ‘होमो सापिएन्स’चा नमुना म्हणून स्वतः लिनिअसलाच धरले पाहिजे, कारण त्याने सर्वांत बारकाईने अभ्यासलेला माणूस तोच होता. संहितेच्या दृष्टीने ही नेमणूक आता मान्य समजली जाते.

मराठीत या नावासाठी ‘बुद्धिमान मानव’ किंवा ‘प्रज्ञ मानव’ असे शब्द योजले जातात. बुद्धिमानातला ‘मान’ हा मालकी सांगणारा प्रत्यय आहे. बुद्धी जवळ आहे एवढेच तो सांगतो, ती वापरली जाते की नाही हे सांगत नाही. ‘जाणता मानव’ या शब्दांत धातू ज्ञाचा असला तरी प्रत्यय त्याच घराण्यातला आहे, आणि लॅटिनप्रमाणेच क्रिया चालू असल्याचा अर्थ त्यात उरतो. पाठ्यपुस्तकांत हाच शब्द अधिक शोभेल. दुसरी अडचण इंग्रजीतून आली आहे. शेवटचा स-कार अनेकवचनाचा समजून तेथे ‘सेपियन’ असे एकवचन बनवण्यात आले आणि मराठी लेखनातही ‘एक होमो सेपियन’ असे कधीकधी दिसते. तो स-कार प्रथमेच्या एकवचनाचा आहे, आणि तो काढला तर शब्दाला विभक्तीच उरत नाही. लॅटिनमध्ये खरोखर अनेकवचन करायचे असेल तर दोन्ही शब्द बदलतात आणि ‘होमिनेस सापिएन्तेस’ होते, ज्यात गळालेला त-कार पुन्हा ऐकू येतो. पण जातिनाम म्हणून वापरताना माणूस एक असो वा अब्जावधी, रूप ‘होमो सापिएन्स’ एवढेच राहते.